३१ गुणांचा हिशोब

वर्ल्ड ज्युनियर म्हणजे आईस हॉकीतली वीस वर्षांखालच्या पोरांची जागतिक स्पर्धा. १९९३ साली ती स्वीडनमध्ये येव्हले इथं झाली आणि पीटर फोर्सबर्ग नावाच्या १९ वर्षांच्या पोरानं ७ सामन्यांत ३१ गुण मिळवले: ७ गोल, २४ असिस्ट. (गोल करणाऱ्याला एक गुण, त्याआधी पास देणाऱ्या जास्तीत जास्त दोघांना प्रत्येकी एक.) आजही हा विक्रम कायम आहे.

आता आपल्यातला इंजिनिअर जागा होतो. सरासरी जवळजवळ साडेचार, पण डेटा तपासलात का राव? जपानविरुद्ध स्वीडन २०-१ नं जिंकलं. त्या एकाच सामन्यात फोर्सबर्गचे १० गुण! लिंबूटिंबू संघाविरुद्ध ठोकलेलं शतक म्हणा ना. बरं, तो सामना वगळू. उरतात ६ सामन्यांत २१, म्हणजे सरासरी साडेतीन. तरीही भन्नाटच.

दुसरी शंका. असिस्ट मिळायला समोरच्यानं गोल करावा लागतो. आणि संघात होता मार्कस नॅसलंड, १३ गोल करणारा. दोघं एकाच गावचे, वयात फक्त दहा दिवसांचं अंतर. मग श्रेय कोणाचं? आकडे इथं गप्प बसतात.

तिसरी शंका सगळ्यात अवघड. १९८४ च्या स्पर्धेत फिनलंडच्या राइमो हेल्मिनेननं २४ गुण मिळवले होते. एनएचएलमध्ये तो जेमतेम ११७ सामने खेळला. फोर्सबर्ग मात्र ७०८ सामन्यांत ८८५ गुण, दोन स्टॅनली कप आणि २०१४ मध्ये हॉल ऑफ फेम. म्हणजे हेल्मिनेनला पारखणारे चुकले?

मला तसं वाटत नाही. हाच हेल्मिनेन फिनलंडकडून तब्बल सहा ऑलिंपिक खेळला, १९९५ मध्ये विश्वविजेताही झाला. सात सामने एवढंच सांगतात की पोराच्या हातात काय आहे. ते कुठल्या रिंकवर, कोणाच्या सोबतीनं फुलेल, हे सांगत नाहीत.

आणि हो, त्या १९९३ च्या स्पर्धेत अंतिम सामना नव्हताच, सगळे सगळ्यांशी खेळले. स्वीडन आणि कॅनडा दोघांनीही ६ सामने जिंकले. पण आपसातला सामना कॅनडानं ५-४ नं मारला होता, म्हणून सुवर्ण त्यांचं. ३१ गुणवाल्याच्या गळ्यात रौप्य!

एका अप्रेझलच्या आकड्यावरून माणूस जोखणाऱ्यांनी हे जरूर आठवावं. असो. तुम्हाला काय वाटतं?