उद्यमबागेतला ट्रान्झिस्टर

गोव्याहून खानापूरमार्गे बेळगावात शिरताना टिळकवाडीच्या आधी उद्यमबाग लागते. फौंड्र्या, लेथ, सुट्या भागांचे छोटे-मोठे कारखाने. आपण गोंयकार खरेदीच्या नाहीतर डॉक्टरच्या घाईत पुढे निघून जातो. माझे मामा मात्र तिथेच टर्नर होते, आणि पक्के क्रिकेटवेडे.

बेळगावपासून मुंबई सुमारे ५०० किलोमीटर, बेंगळूरही साधारण तेवढेच. बेंगळूरला पहिली कसोटी झाली तीच मुळी नोव्हेंबर १९७४ मध्ये. त्यामुळे मामांचे क्रिकेट म्हणजे ट्रान्झिस्टर. कधी बाळ ज. पंडितांचे रसाळ मराठी समालोचन, कधी परदेशातून खरखरत येणारे इंग्रजी.

२४ ऑगस्ट १९७१ रोजी भारताने ओव्हलवर इंग्लंडला त्यांच्या भूमीत प्रथमच कसोटीत हरवले. त्या दिवशी चवथ होती; भारतीय प्रेक्षकांनी मैदानावर चक्क हत्तीण आणली होती! कर्णधार मुंबईचा वाडेकर, ३८ धावांत ६ बळी घेणारा चंद्रशेखर म्हैसूरचा, आणि मधल्या फळीतला दिलीप सरदेसाई आपल्या मडगावात जन्मलेला. १९५६ साली बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले, तेव्हापासूनचा सल मामांच्या मनात होताच. पण लंडन इतके दूर, की तिथल्या सामन्यात सीमेचा प्रश्नच येत नसे.

तो आला १९७३-७४ च्या रणजी हंगामात. म्हैसूरचे नुकतेच कर्नाटक झाले होते. सलग १५ वर्षे रणजी करंडक जिंकणाऱ्या मुंबईची गाठ उपांत्य सामन्यात कर्नाटकाशी पडली. प्रसन्नाने गावसकरचा त्रिफळा उडवला, वाडेकर धावबाद झाला आणि मुंबईची सद्दी संपली. पुढे करंडकही कर्नाटकानेच जिंकला.

मामा दोन दिवस जेवणाच्या सुट्टीत गप्प. शेजारच्या लेथवरच्या कानडी मित्राने त्यांना चिडवले नाही. त्याने फक्त विश्वनाथच्या १६२ धावांचा विषय काढला. विशीचा स्क्वेअर कट म्हटल्यावर मामा गप्प बसतात कसले! डबा बाजूला ठेवून बोलायला लागले. हाच विश्वनाथ पुढे गावसकरचा मेहुणा झाला, तेव्हा दोघांनी मिळून पेढे खाल्ले म्हणे.

२०१४ साली हैदराबादला रणजीची अंतिम झुंज महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्यातच झाली. कर्नाटक ७ गडी राखून जिंकले. बेळगावात जन्मलेला रोनित मोरेही कर्नाटकाकडूनच खेळला. बेळगावच्या मराठी रसिकाने टाळी कुणासाठी वाजवायची, हे बाहेरून सांगणारे आपण कोण? आपला गोवा रणजीत उतरला १९८५-८६ मध्ये. तोवर आपणही मुंबईच्याच धावा आपल्या मानून मोजत होतो.