‘उहुरु’ : एका नांवावरून कालनिर्णय

कागदावरील तारीख फाटून गेली असतां संशोधक त्यांतील नांवांकडे वळतो. अमुक स्थळास अमुक सालीं हें नांव पडलें, तेव्हां कागद त्यानंतरचा, ही अनुमानपद्धति आमच्या वाचकांच्या नित्य परिचयाची आहे. ती कोठवर टिकते हें पूर्व आफ्रिकेंतील एका नांवावरून चांगलें दिसतें, म्हणून त्याचा विचार येथें करूं.

स्वाहिली भाषेंत ‘उहुरु’ म्हणजे स्वातंत्र्य. जो दास नाहीं तो अरबींत ‘हुर्र’. त्याचें स्वाहिलींत ‘हुरु’ झालें, व भाववाचक ‘उ’ हा उपसर्ग लागून ‘उहुरु’ सिद्ध झालें. फारसी दस्तऐवज चाळणारांस ‘हुर्रियत’ या शब्दांत त्याचेंच भावंड आढळेल. ज्या किनाऱ्यावर माणसें विकलीं जात, तेथें या शब्दाचा पहिला अर्थ राष्ट्राशीं नव्हे, तर एकेका माणसाच्या दास्यमुक्तीशीं जोडलेला होता. झांझिबारचा दासबाजार १८७३ मध्यें बंद झाला. दास्याची कायदेशीर मान्यता तेथें १८९७ मध्यें गेली.

या इतिहासाचा एक धागा नाशिकपर्यंत येतो. समुद्रावर गलबतांतून सोडविलेलीं कित्येक आफ्रिकी मुलें नाशिकजवळ शरणपूर येथील मिशनच्या आश्रमांत शिकलीं. त्यांपैकीं कांहीं पुढें मोंबासाजवळील फ्रेरटाऊन या मुक्त दासांच्या वसाहतींत गेलीं. १८७५ च्या सुमारास वसलेल्या त्या वसाहतीस नांव मिळालें तें मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रेर यांचें. मुक्ति दासांची, नांव मात्र साहेबांचें!

पर्वताचीही हीच गत झाली होती. किलिमांजारोच्या सर्वोच्च माथ्यावर १८८९ मध्यें हान्स मेयर व लुडविग पुर्टशेलर पोहोंचले, आणि त्यास जर्मन कैसर विल्हेल्मचें नांव देण्यांत आलें. टांगानिका ९ डिसेंबर १९६१ रोजीं स्वतंत्र झालें. त्या रात्रीं लेफ्टनंट अलेक्झांडर न्यिरेंडा यांनीं माथ्यावर नवें निशाण व मशाल रोविली. पुढें ५,८९५ मीटर उंचीच्या या शिखराचें नांव ‘उहुरु’ झालें. ज्या नकाशांत हें नांव आहे तो १९६१ पूर्वीचा नव्हे, असें येथें निःशंक म्हणतां येतें.

परंतु हाच न्याय केनियांत लावूं गेल्यास फसगत होईल. जोमो केन्याटा यांची ऑगस्ट १९६१ मध्यें स्थानबद्धतेंतून सुटका झाली. त्यांच्या पुत्राचा जन्म २६ ऑक्टोबर १९६१ चा, व त्याचें नांव उहुरु. केनिया स्वतंत्र झाला तो १२ डिसेंबर १९६३ रोजीं! म्हणजे येथें नांव घटनेच्या दोन वर्षें आधींचें आहे. तें स्मारक नसून संकल्प आहे. हेच उहुरु केन्याटा पुढें २०१३ ते २०२२ पर्यंत केनियाचे राष्ट्राध्यक्ष होते.

उलट, अमेरिकेचा क्ष-किरणांचा वेध घेणारा पहिला उपग्रह केनियाच्या किनाऱ्यालगतच्या इटालियन तळावरून १२ डिसेंबर १९७० रोजीं, म्हणजे केनियाच्या स्वातंत्र्याच्या सातव्या वर्धापनदिनीं, सोडण्यांत आला. म्हणून त्यासही ‘उहुरु’ म्हणूं लागले. येथें नांव यजमान देशाविषयींच्या आदराचें द्योतक आहे. दारेसलाम ते झांबियांतील कापिरी म्पोशी हा सुमारें १,८६० किलोमीटरचा लोहमार्ग १९७० ते १९७५ या काळांत चीनच्या साहाय्यानें बांधला गेला; तोही ‘उहुरु’ रेल्वे म्हणून ओळखला जातो. त्यांतील स्वातंत्र्य आणखी निराळें आहे. गोऱ्या अल्पसंख्यांच्या सत्तेखालील ऱ्होडेशियांतून झांबियाचें तांबें न्यावें लागूं नये, हा त्या मार्गाचा हेतु होता.

एकच शब्द दासाची सुटका, पित्याची आशा, राष्ट्राचा विजय, परकीयांचा आदर व व्यापाराची मोकळी वाट असे पांच अर्थ धारण करितो. सारांश, नांवावरून काळ ठरविण्यापूर्वीं तें कोणीं, कशास व कोणत्या हेतूनें ठेविलें हें पाहणें अवश्य आहे. संग्राहकांनीं आपल्या याद्यांत नांवापुढें या तीन गोष्टी नोंदवाव्या, अशी आमची विनंती आहे. तसें न केल्यास आशेचा कागद आपण विजयाचा म्हणून बांधून ठेवूं, आणि ज्यांनीं ती आशा धरली त्यांचीं वर्षें इतिहासांतून गळून पडतील.