‘शाहू’ या नावाची कुळकथा

आपल्या कोल्हापुरात शाहूपुरी आहे. शाहू मिल या नावाने सारे गाव ओळखते अशी जागा आहे. फुटबॉलच्या वेडाने दरवर्षी फुलून जाणारे मैदान शाहूंच्या नावाचे, बाजार समितीचे आवार त्यांच्याच नावाचे, आणि मुंबईहून येणारी आगगाडी जिथे थांबते ते स्थानकही त्यांच्याच नावाचे. परंतु याच गावातील, किंवा करवीर, कागल, पन्हाळा या तालुक्यांतील एखाद्या शाळेचा जुना हजेरीपट उघडून पाहा. शिवाजी, संभाजी, शहाजी, राजाराम, तानाजी ही नावे ओळीने सापडतील. शाहू मात्र चुकून एखादा. ज्या नावावाचून गावाचे पान हालत नाही, ते नाव घरातल्या पाळण्यात इतके दुर्मिळ का, हा प्रश्न आम्हांस पुष्कळ दिवस पडलेला आहे. त्याचे उत्तर शोधू लागलो की आपण थेट औरंगजेबाच्या छावणीत जाऊन पोहोचतो.

संभाजीमहाराज व येसूबाई यांचा पुत्र 1682 साली माणगावजवळ गांगवली येथे जन्मला. त्याचे पाळण्यातले नाव शिवाजी, म्हणजे आजोबांचेच. 1689 साली रायगड मोगलांच्या हाती पडला तेव्हा हा सात वर्षांचा मुलगा आईबरोबर कैदेत गेला. बादशहाने त्याला राजा हा किताब आणि सात हजारांची मनसब दिली व अठरा वर्षे आपल्या छावणीबरोबर फिरवले. या मुलाला पाहून बादशहा म्हणाला की याचा बाप आणि आजा चोर होते, हा मात्र साव आहे; आणि त्या ‘साव’वरून शाहू हे नाव पडले, अशी कथा आहे. ग्रँट डफने 1826 साली आपल्या मराठ्यांच्या इतिहासात ती नोंदवली आणि तेथून ती शाळेच्या पुस्तकापर्यंत झिरपली.

शब्दाच्या दृष्टीने कथा अगदीच निराधार नाही. संस्कृत साधू, प्राकृतात साहु, त्याचा मराठीत साव. सावकार हा शब्द याच कुळातला; उत्तरेकडे साहू हे आडनावही त्यातलेच. मोगली तवारिखांत आपल्या या राजाचा उल्लेख ‘साहू’ असा येतो, हेही कथेच्या बाजूचे.

तरीही आम्हांस ती पटत नाही. मराठी कागदांत नाव शाहू असे आहे, आणि ‘श’ हे अक्षर काही आकाशातून पडलेले नाही. या घराण्यात ते आधीपासून आहे. मालोजीराजांना अहमदनगरच्या शाह शरीफ यांच्या कृपेने पुत्र झाले, म्हणून त्यांची नावे शहाजी व शरीफजी ठेवली, ही परंपरा सर्वश्रुत आहे. त्या शहाजीचे मोडून केलेले लाडके रूप म्हणजे शाहू. पांडुरंगाचा पांडू होतो, गणपतीचा गणू होतो, तसेच हे. शिवाय आपल्या घरांतली जुनी रीत ध्यानात घ्यावी. सून सासऱ्याचे नाव घेत नाही. मग मुलाला सासऱ्याचे नाव ठेवले तर आईने त्याला हाक कशी मारावी? अशा घरात मुलाला दुसरे, हाकेचे नाव मिळते. कुठे आबा, कुठे बाबा, कुठे अप्पा. येसूबाईंपुढे हीच अडचण होती. कोणी म्हणेल, शहाजी हेही वडीलधाऱ्याचेच नाव की! खरे आहे; पण मोडून शाहू केले की ते पणजोबांचे राहत नाही, मुलाचे होते. तेव्हा नाव घरचे आणि त्याचा ‘साव’ हा अर्थ छावणीतला, असे आमचे मत आहे. बापाला हाल करून मारणाऱ्याने मुलाचे बारसे केले, हे मानण्यापूर्वी माणसाने दोनदा विचार करावा.

यापुढचा भाग आपल्या गावाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा. 1707 साली शाहू सुटून दक्षिणेत आले तेव्हा ताराबाईंनी हा तोतया असल्याचे म्हटले. त्यांच्याही मुलाचे नाव शिवाजीच! दोन शिवाजी समोरासमोर उभे राहिले, त्यातला एक इतिहासात शाहू म्हणूनच राहिला. खेडच्या लढाईनंतर साताऱ्याची गादी शाहूंची झाली. 1710 मध्ये ताराबाईंनी पन्हाळ्याला वेगळे राज्य मांडले, 1714 मध्ये तेथे राजसबाईंचे पुत्र संभाजी गादीवर आले, आणि 1731 च्या वारणेच्या तहाने नदीच्या अलीकडचे कोल्हापूर व पलीकडचे सातारा अशी वाटणी पक्की झाली.

याचा अर्थ असा की कोल्हापूरच्या दरबारात शाहू हे नाव पलीकडच्या गादीचे होते. आमच्या गादीवरची नावे एकदा ओळीने म्हणून पाहा: शिवाजी, संभाजी, पुन्हा शिवाजी, शंभू, शहाजी, शिवाजी, राजाराम, शिवाजी. पावणेदोनशे वर्षांत एकही शाहू नाही. साताऱ्यात मात्र 1777 साली दुसरे शाहू गादीवर आले. ते वावीच्या भोसल्यांकडून दत्तक आलेले, मूळचे विठोजी.

मग 1884 उजाडले. आदल्या वर्षी कोल्हापूरचे चौथे शिवाजी अहमदनगरला, इंग्रजांच्या देखरेखीत असताना, वारले होते; त्यांचा तो शेवट आजही ऐकवत नाही. 17 मार्च 1884 रोजी राणी आनंदीबाईंनी कागलच्या जयसिंगराव घाटगे यांचा दहाव्या वर्षात असलेला मुलगा यशवंतराव दत्तक घेतला आणि त्याचे नाव शाहू ठेवले. सातारचे राज्य 1848 सालीच खालसा झाले होते. भांडायला पलीकडे कोणी उरले नव्हते. वारणेपलीकडचे नाव अशा रीतीने अलीकडे आले, आणि ते असे रुजले की आज शाहू म्हटल्यावर पुष्कळांना सातारा आठवत नाही, कोल्हापूर आठवते.

त्याचे कारण नाव नव्हे, नाव धारण करणारा पुरुष. 1894 साली अधिकार हाती आले. 1901 पासून वसतिगृहे उभी राहू लागली. 26 जुलै 1902 चा, मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम निघाला. 1917 मध्ये सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण आले. 1920 च्या मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांच्या शेजारी बसून महाराजांनी, हा तुमचा पुढारी, असे लोकांना सांगितले. 1919 साली कानपूरला कुर्मी समाजाने त्यांना राजर्षी ही पदवी दिली. त्याच कानपुरात आज त्यांच्या नावाचे विद्यापीठ आहे. मात्र तिकडे त्यांना शाहूजी म्हणतात. ज्या मुलखात साहू आडनावाची माणसे पेठेपेठेत भेटतात, तिथे राजाला ‘जी’ लावून वेगळे काढले असेल तर नवल नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. गादीवरच्या शाहूंची पाळण्यातली नावे मोजा. पहिले शिवाजी, सातारचे दुसरे विठोजी, कोल्हापूरचे यशवंतराव. 1962 साली नागपूरकर भोसले घराण्यातून दत्तक आलेले, आणि 2024 मध्ये कोल्हापुरातून लोकसभेवर निवडून गेलेले शाहू छत्रपती हे मूळचे दिलीपसिंह. चौघांपैकी एकाचेही बारशाचे नाव शाहू नव्हे! हे नाव आत्याने कानात सांगितलेले नाही; ते गादीबरोबर येते. कुणब्याच्या घरी शिवाजी जन्मतो, संभाजी जन्मतो, कारण ती माणसांची नावे म्हणून लोकांनी ऐकली. शाहू हे मात्र ‘महाराज’ या शब्दाला चिकटूनच कानावर आले.

दुसरे कारण लहानसे आहे, पण घरोघरचे आहे. शिवाजीचा शिवा होतो, संभाजीचा संभा होतो, रागावली तर आई संभ्याही म्हणते. शाहू हे मुळातच मोडून झालेले नाव. त्याला आणखी मोडायला जागा नाही. रागाच्या भरात मुलाला हाक मारायची तर महाराजांचेच नाव जसेच्या तसे घ्यावे लागेल, आणि ज्या घरातला आजा महाराजांच्या वसतिगृहात जेवून शिकला त्या घरात ते कोणाच्याने होणार?

तरी नियमाला अपवाद असतोच. महाराज हयात असताना, 1918 साली, अहमदनगरच्या एका मराठी ख्रिस्ती घरात एक शाहू जन्मला. हे शाहू मोडक. ‘श्यामसुंदर’मध्ये ते बाळकृष्ण झाले, प्रभातच्या बोलपटात ज्ञानेश्वर झाले, आणि 1939 साली कोल्हापूरच्या शांतारामांनी ‘माणूस’ काढला तेव्हा त्यातला गणपत हवालदार झाले. ज्या अहमदनगरातल्या शाह शरीफांवरून शहाजी हे नाव भोसल्यांच्या घरी आले असे म्हणतात, त्याच गावात, कोणत्याही गादीवाचून, हा एक शाहू लहानाचा मोठा झाला.