पळीच्या तेलावरचे इंजिन

मुंबईत शिवडी येथे जनरल मोटर्स कंपनीने १९२८ साली परदेशातून पेट्यांतून येणारे भाग जोडून मोटारी उभ्या करण्याचा कारखाना काढला, त्याच सुमारास अमेरिकेत याच कंपनीच्या शेव्हरोलेट विभागाने १९२९ सालच्या गाड्यांकरिता सहा सिलिंडर एका ओळीत असलेले, माथ्यावर व्हॉल्व्ह असणारे, १९४ घनइंचांचे इंजिन सिद्ध केले. प्रतिस्पर्धी फोर्डच्या मॉडेल ए गाडीस चारच सिलिंडर असताना चारांच्या दामात सहा देण्याची ही प्रतिज्ञा होती. आणि ती पाळावयाची तर रचना साधी व स्वस्त ठेवणे क्रमप्राप्तच होते.

हा साधेपणा तेलाच्या व्यवस्थेत विशेष दिसतो. मुख्य बेअरिंगांस पंपाने तेल पुरवावे, परंतु कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाने मात्र, खालच्या पन्हळीत बुडणाऱ्या आपल्या पळीने, स्वतःचे तेल स्वतःच उचलावे, अशी ती तजवीज होती. १९३७ साली २१६ घनइंचांचे नवे इंजिन आले, त्यास तीनऐवजी चार मुख्य बेअरिंगे मिळाली, तरी पळी कायमच राहिली. वेग वाढला म्हणजे तोटीतून सुटणारी तेलाची धार तिच्या साहाय्यास येई.

असे इंजिन आज बांधावयास घेणाऱ्या मिस्त्रीची परीक्षा येथेच होते. रॉडच्या टोकात बदलता येणारे कवच नसून कथील, अँटिमनी व तांबे यांचा व्हाइट मेटल तेथेच ओतलेला असतो. त्यास चिरा गेल्या असल्यास जुना धातू उतरवून, नवा ओतून, तो मापाबरहुकूम कातावा लागतो, आणि झीज किंचित असल्यास टोपीखालील एखादी पातळ शिम काढून भागते. तोट्यांचा रोख तपासण्यासाठी स्वतंत्र मापसाचा असे: नळीतून पाणी सोडावे आणि धार साच्याच्या भोकातून नेमकी जाते की नाही ते पाहावे. तळाचे भांडे चढविण्यापूर्वी पन्हळी तेलाने भरून घेतल्या नाहीत, तर पहिल्याच फेऱ्यांत पळ्या कोरड्या फिरतात.

दाबाचा काटा पंधरा पौंडांच्या आसपास घुटमळतो, म्हणून नव्या गाड्यांची सवय असलेला चालक घाबरतो. वास्तविक तो दाब रॉडपर्यंत जातच नाही, तेव्हा त्याने काट्याइतकेच लक्ष तेलाच्या पातळीवर ठेवावे, आणि घाट उतरताना खालच्या गिअरात इंजिन बेफाम फिरू देऊ नये, कारण व्हाइट मेटल तापून वितळला की रॉड ब्लॉक फोडून बाहेर येण्याची धास्ती असते.

१९५३-५४ मध्ये शेव्हरोलेटच्या इंजिनांत दाबाचे तेल रॉडपर्यंत पोहोचले, आणि केवळ जोडणी करणाऱ्या कंपन्यांना देशात वाव न ठेवणाऱ्या सरकारी धोरणामुळे १९५४ सालीच शिवडीचे काम थांबले; त्यामुळे या कारखान्यातून निघालेल्या सहा सिलिंडरांच्या शेव्हरोलेट मालमोटारी बहुतांशी पळीच्याच कारकीर्दीतल्या आहेत. पुढील इंजिनांच्या पुस्तकातील मापे त्यांस लावणे म्हणजे घात आहे. म्हणून मिस्त्रीने आधी ब्लॉकवरचा क्रमांक वाचावा आणि मगच पाना हाती घ्यावा.