सारंग, सुकाणी आणि आगवाला

व्यापारी जहाजावरचा खलाशी शांततेच्या काळात माल वाहतो आणि युद्ध पेटले की तेच काम पाणबुड्या आणि सुरुंग चुकवत करतो. सैन्याच्या पटावर त्याचे नाव नसते, त्यामुळे मानसन्मानाची वेळ आली की तो सैनिकांत बसत नाही आणि व्यापाऱ्यांतही बसत नाही. कोकण किनाऱ्याने आणि मुंबई बंदराने असे खलाशी पिढ्यान्‌पिढ्या पुरवले. त्यांच्या स्मरणाची जी व्यवस्था झाली ती मात्र तुटक, उशिरा आणि बरीचशी जहाजमालकांच्या अंगाने झाली.

मराठ्यांच्या काळात व्यापारी खलाशी आणि लढाऊ खलाशी असा भेद फारसा नव्हता. शिवाजी महाराजांनी १६५७ नंतर कल्याण-भिवंडीच्या खाडीत आरमाराची उभारणी सुरू केली तेव्हा कोळी, भंडारी, खारवी, गाबीत, दालदी अशा किनाऱ्यावरच्याच जमातींतून माणसे घेतली. मासेमारी आणि मालवाहतूक करणारे हातच गुराब आणि गलबत या जहाजांवर लढू लागले. मायनाक भंडारी आणि दौलतखान हे या आरमाराचे नावाजलेले अधिकारी. राज्याची स्वतःची गलबते जैतापूरसारख्या बंदरांतून तांबड्या समुद्रातील मोख्यापर्यंत माल नेत. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराला राज्याचे स्वतंत्र अंग मानले आहे आणि दर्यावर्दी व्यापाऱ्यांना सांभाळून घेण्याची ताकीदही दिली आहे. कान्होजी आंग्र्यांनी दस्तकाची पद्धत कडक राबवली. परवाना नसलेले जहाज पकडले जाई, परवाना असलेल्याला संरक्षण मिळे. इंग्रजांनी याला चाचेगिरी म्हटले, पण पोर्तुगीजांचा कार्ताझ हा त्याच जातीचा परवाना होता, हे त्यांनी सोयीस्करपणे बाजूला ठेवले. १७५६ मध्ये पेशवे आणि इंग्रज यांनी मिळून विजयदुर्गावर तुळाजी आंग्र्यांचे आरमार जाळले आणि कोकणच्या सागरी बळाचा कणा मोडला.

पुढच्या शतकात या किनाऱ्यावरची माणसे परक्या कंपन्यांच्या जहाजांवर दिसू लागली. १८६९ मध्ये सुएझचा कालवा उघडला, शिडांच्या जागी वाफ आली आणि बॉयलरपुढे कोळसा ओढणाऱ्या स्वस्त मजुरांची मागणी एकदम वाढली. मुंबईत भरती होणाऱ्यांत रत्नागिरी जिल्ह्यातील कोकणी मुसलमान आणि हिंदू, तसेच गोव्याचे ख्रिस्ती यांचा मोठा भरणा होता. कामाची वाटणीही ठरून गेली होती. डेकवर सारंग हा मुकादम, त्याच्या हाताखाली टिंडेल, चाक धरणारा सुकाणी आणि बाकीचे खलाशी. इंजिनघरात तेलवाला, आगवाला आणि कोळसा वाहणारा कोलवाला. स्वयंपाकाला भंडारी, आणि प्रवाशांच्या दिमतीला बहुधा गोव्याचे बटलर.

यांतले आगवाल्याचे काम सगळ्यांत जिकिरीचे. तांबड्या समुद्रातल्या उन्हाळ्यात भट्टीसमोर चार तासांची पाळी करायची, फावड्याने कोळसा आत सारायचा, लांब सळईने निखारे उकरून राख खाली पाडायची आणि वाफेचा दाब घसरू द्यायचा नाही. चार तासांनी वर येऊन आठ तास विसावा, की पुन्हा खाली. उष्म्याने माणसे कोसळत, काहींचा त्यात अंत होई. पगार गोऱ्या खलाशाच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाएवढा, झोपायची जागा त्याच्या निम्म्याहून कमी. ‘एशियाटिक आर्टिकल्स’ या करारनाम्यामुळे हा भेद कायदेशीर झाला होता. शिवाय नोकरी मिळण्याआधीच खलाशी कर्जात असे. भरती जहाजावरचा सारंग आणि बंदरावरचा दलाल, म्हणजे घाट सारंग, यांच्या हातात होती. नाव पुढे सरकवायला त्यांची मूठ गरम करावी लागे आणि नोकरीची वाट पाहत मुंबईत राहण्याचा खर्चही उसनवारीवर चाले. गोव्याच्या लोकांनी या काळासाठी गावोगावचे ‘कूड’ काढले होते. तिथे पेटी ठेवायला जागा आणि अंग टाकायला आसरा मिळे. भरतीतल्या लाचखोरीची चौकशी १९२२ मध्ये सरकारी समितीने केली, तरी दलाल हटायला आणखी बराच काळ गेला.

या जहाजांच्या पोटात जाणारा माल समुद्र न पाहिलेल्या मुलखातून येई. देवणी, उदगीर, लातूर हा भाग तेव्हा हैदराबाद संस्थानात होता आणि संस्थानाला स्वतःचे बंदर नव्हते. १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वे लातूरपर्यंत पोहोचली. मग बैलगाडीने लातूरच्या बाजारात आलेल्या कापसाला कुर्डुवाडीमार्गे मुंबईची वाट मोकळी झाली. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याचा खलाशाशी संबंध आला तो एवढाच, आणि दोघांनाही एकमेकांचा पत्ता नव्हता.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश जहाजांवर ३,४०० हून अधिक भारतीय खलाशी मारले गेले आणि सुमारे १,२०० कैदेत पडले. त्यांच्यासाठी दोन ठिकाणी स्मारके झाली. कोलकात्यात हुगळीच्या काठी बंगाल-आसामच्या ८९६ खलाशांसाठी मनोरा उभा राहिला आणि १९२४ मध्ये त्याचे अनावरण झाले. मुंबईत मस्जिद बंदरजवळच्या इंडियन सेलर्स होममध्ये, समुद्राखेरीज दुसरी कबर नसलेल्या २,००० हून अधिक खलाशांचे स्मारक आहे. कोलकात्याचा मनोरा नदीवरून दिसतो. मुंबईचे स्मारक इमारतीच्या आत आहे, त्यामुळे मुद्दाम शोधत गेल्याशिवाय ते कुणाच्या दृष्टीस पडत नाही. गेटवेवर रोज येणाऱ्या हजारो पर्यटकांना त्याची कल्पनाही नसते.

याच सुमारास भारतीय मालकीची जहाज कंपनी उभी राहिली आणि सन्मानाचा दिवस पुढे तिच्यावरून ठरला. सोलापूरचे वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास यांनी १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी युद्धकाळात रुग्णालय-जहाज म्हणून दिलेले ‘लॉयल्टी’ त्यांनी विकत घेतले. हे मुळात कॅनेडियन पॅसिफिक कंपनीचे १८९० च्या सुमाराचे ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’. ५ एप्रिल १९१९ रोजी ते मुंबईहून लंडनला निघाले. हिशेबाच्या दृष्टीने पाहिले तर हे जहाज काही लाभले नाही, चार वर्षांतच ते भंगारात निघाले. १९२३ मध्ये ब्रिटिश कंपन्यांशी झालेल्या करारात सिंदियाला किनारी वाहतुकीपुरते रोखून धरण्यात आले. तरीही भारतीय मालकीच्या जहाज-व्यापाराची सुरुवात म्हणून त्या प्रवासाला महत्त्व आले आणि १९६४ पासून ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. तारीख निवडली ती एका कंपनीच्या जहाजाची. त्या जहाजावरच्या खलाशांची नावे सागरी दिनाच्या भाषणांत येत नाहीत.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश व्यापारी ताफ्यावर सुमारे ५०,००० भारतीय खलाशी होते. युद्ध सुरू होताच, १९३९ च्या शरद ऋतूत, त्यांनी ब्रिटनच्या बंदरांत काम थांबवले आणि पगारवाढ व युद्धभत्ता मागितला. अनेकांना तुरुंगात टाकले गेले, पण पगार वाढले. पाणबुड्यांच्या तोंडी जाणाऱ्या माणसाने गोऱ्या सोबत्याच्या पावपट पगारावर काम करण्याचे नाकारले, यात बेइमानीचे काही नव्हते. त्याच माणसांनी पुढची सहा वर्षे अन्न, तेल आणि दारूगोळा वाहिला. १७ सप्टेंबर १९४० रोजी अटलांटिकमध्ये ‘सिटी ऑफ बनारस’ हे जहाज जर्मन पाणबुडीने बुडवले. कॅनडाला पाठवल्या जाणाऱ्या इंग्रज मुलांसाठी हे जहाज लक्षात राहिले, मात्र बुडालेल्यांत सुमारे १०० भारतीय खलाशीही होते. बारा क्रमांकाची जीवरक्षक होडी आठ दिवस समुद्रात भरकटत होती. तिच्यातल्या ४६ जणांत बहुसंख्य भारतीयच होते. सिंदियाचे ‘एल मदिना’ १६ मार्च १९४४ रोजी बंगालच्या उपसागरात जपानी पाणबुडीने बुडवले, त्यात तीनशेहून अधिक माणसे गेली.

पुढच्याच महिन्यात, १४ एप्रिल १९४४ रोजी, युद्ध मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत येऊन ठेपले. ‘फोर्ट स्टायकिन’ या जहाजात सुमारे १,४०० टन स्फोटके आणि कापसाच्या गाठी एकत्र भरलेल्या होत्या. दुपारी गाठींना आग लागली आणि चार वाजून गेल्यावर दोन प्रचंड स्फोट झाले. जवळच उभे असलेले सिंदियाचे ‘जलपद्म’ पाण्यातून उचलले जाऊन धक्क्यावर आडवे पडले. आग विझवताना मरण पावलेल्या ६६ अग्निशामक जवानांच्या स्मरणार्थ १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळला जातो. गोदीत त्या दिवशी मेलेल्या खलाशांच्या आणि माथाड्यांच्या नावे असा दिवस नाही.

या युद्धात सहा हजारांहून अधिक भारतीय खलाशी मेले. लंडनच्या टॉवर हिलवर व्यापारी आरमारातील हजारो मृतांची नावे कोरलेली आहेत. एशियाटिक करारावरच्या भारतीय खलाशांची नोंद मात्र मुंबई आणि चितगाव येथील स्मारकांत ठेवली गेली. जहाज एकच, बुडाले एकाच रात्री, पण मृतांची यादी कराराप्रमाणे दोन खंडांत वाटली गेली.

स्वातंत्र्यानंतर स्मरणापेक्षा व्यवस्थेचे काम अधिक झाले. १९४९ मध्ये मुंबईत नौवहन महासंचालनालय सुरू झाले आणि भरती हळूहळू दलालांच्या हातून सरकारी नोंदवहीकडे गेली. १९५८ च्या व्यापारी नौवहन कायद्याने सेवेच्या अटी ठरल्या, तर १९६६ च्या कायद्याने भविष्यनिर्वाह निधी आला. अधिकाऱ्यांसाठी ‘डफरिन’ हे प्रशिक्षण जहाज १९२७ पासूनच मुंबईत होते. त्याची जागा १९७२ मध्ये ‘राजेंद्र’ने आणि नंतर नवी मुंबईतील ‘चाणक्य’ संस्थेने घेतली. खलाशाच्या पिढीजात पेशाला यातून परीक्षेचे दार मिळाले आणि किनाऱ्याशी काही संबंध नसलेल्या जिल्ह्यांतली मुलेही आत आली. ५ एप्रिलच्या आठवड्यात पंतप्रधानांच्या छातीवर व्यापारी नौदलाचा छोटा ध्वज लावला जातो. २५ जून हा दिवस आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०१० मध्ये खलाशांसाठी राखून ठेवला. मालकाऐवजी खुद्द खलाशाच्या नावाचा दिवस म्हणून तो अधिक नेमका वाटतो.

धोका अजून सरलेला नाही. २६ जानेवारी २०२४ रोजी एडनच्या आखातात ‘मार्लिन लुआंडा’ या तेलवाहू जहाजावर क्षेपणास्त्र आदळले. जहाजावर २२ भारतीय होते. भारतीय नौदलाच्या ‘विशाखापट्टणम’वरील पथकाने त्यांच्याबरोबर आग विझवली.

घाट सारंगाची जागा आता एजंटाने घेतली आहे. नोकरीचे आमिष दाखवून पैसे उकळणाऱ्यांना आळा घालण्यासाठी २००५ मध्ये भरती संस्थांच्या परवान्याचे नियम झाले. परवानाधारक संस्थेला खलाशाकडून नोकरीसाठी पैसे घेता येत नाहीत, आणि अशा संस्थांची यादी नौवहन महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर पाहता येते. लातूर किंवा देवणीच्या ज्या घरातला मुलगा पहिल्यांदाच जहाजावर निघाला आहे, त्या घराने पैसे मोजण्याआधी ही यादी तपासायची असते.