शेर्पा

एव्हरेस्टच्या मराठी बातम्यांत ‘शेर्पाच्या मदतीने’ हे शब्द हमखास येतात, आणि वाचणाऱ्याच्या मनात शेर्पा म्हणजे पाठीवर ओझे घेतलेला माणूस, असे पक्के होते. खरे तर हे एका समाजाचे नाव आहे. तिबेटी भाषेत ‘शार’ म्हणजे पूर्व आणि ‘पा’ म्हणजे तिथला रहिवासी. पूर्व तिबेटच्या खाम प्रदेशातून काही शतकांपूर्वी हिमालय ओलांडून नेपाळच्या सोलुखुंबूत वसलेले, ते शेर्पा. बटाटा पिकवणारे, याक पाळणारे, तिबेटशी व्यापार करणारे हे लोक. शिखरांना ते देवतांची स्थाने मानत. त्यांवर चढण्याचे वेड बाहेरून आले.

विसाव्या शतकातल्या मोहिमांनी या जातिनामाचा हुद्दा केला. आता तर जी-२०च्या वाटाघाटी करणाऱ्या मुत्सद्द्यालाही शेर्पा म्हणतात! उलट डोंगरात भार वाहणारे कितीतरी जण राई, तामांग, मगर अशा इतर समाजांचे असतात. त्यांना सरसकट शेर्पा म्हणणे मला खटकते. त्या समाजांवर आणि शेर्पांवरही तो अन्याय आहे.

शेर्पांची स्वतःची नावे बहुधा जन्मवारावरून पडतात: दावा सोमवारचा, पासांग शुक्रवारचा. हेच नाव होते १९९३ साली एव्हरेस्टवर पोहोचलेल्या पहिल्या नेपाळी महिलेचे: पासांग ल्हामू शेर्पा. उतरताना तिचा मृत्यू झाला.