केवली आगळी काठी

साल १८५०. तुम्ही बार्शीटाकळीच्या बैलबाजारात उभे आहात. वऱ्हाडावर अजून निजामाचा अंमल आहे. पायाखाली काळी माती, नाकात शेणाचा आणि सरकीचा वास. उपरण्याखाली दलालानं गिऱ्हाइकाचा हात धरलाय. बोटं बोलतायत, तोंडं मिटलेली. शेजारी एक शेतकरी आपल्या जोडीच्या पाठीवरून हात फिरवत विचारतो, "भाऊ, किती देतो म्हन्ते?"

दलाल त्याच्याकडे बघतही नाही. आपल्या जोडीदाराला म्हणतो, "मुळू आगळी काठी."

"अन् याले?"

"केवली आगळी काठी. पोकू आपला."

ही नंदभाषा. मराठी मुलखातल्या दलाल-व्यापाऱ्यांची. केवली एक, अवारू दोन, उधानू तीन, पोकू चार, मुळू पाच. काठी म्हणजे वीस, आगळी म्हणजे वर. करा हिशेब. सौदा पंचविसाचा, शेतकऱ्याच्या हाती एकवीस. चार रुपये गेले, तेही त्याच्या कानांदेखत. मराठीच ऐकत होता बिचारा!

याच काळात लंडनच्या ईस्ट एंडमध्ये फेरीवाले जिन्याला 'स्टेअर्स' न म्हणता यमक जुळवून 'ॲपल्स अँड पेअर्स' म्हणतात, आणि पुढे यमकाचा शब्दच गाळून नुसतं 'ॲपल्स'. परक्याला वाटावं, सफरचंदांची गोष्ट चाललीय. १८५९ मध्ये जॉन कॅम्डेन हॉटननं अशा शब्दांची यादी छापली. नंदभाषेला यमकाची गरज नाही. तिनं थेट आकडेच झाकले.

आता आणखी मागं चला, तेराव्या शतकात. नामदेवांचे गुरू विसोबा खेचर अभंगात शंकराचं रूप सांगतायत, आणि आकडे सगळे नंदभाषेतले. मुखं मुळू, डोळे उधानू, हात अंगुळू म्हणजे दहा. पायांखाली पवित्र, म्हणजे सात पाताळं. मुकुट पोचतो एकविसाव्या स्वर्गापर्यंत, तिथं शब्द येतो तोच, काठीवर केवली. बाजारानं लपवण्यासाठी घडवलेली भाषा विसोबांनी देव दाखवायला उघड्यावर आणली. मला याहून मोठं धाडस मराठीत फार थोडं दिसतं.

परत बाजारात या. एकवीस रुपये कमरेला खोचून शेतकरी कालंका देवीच्या हेमाडपंती देवळाकडे निघालाय. तिथल्या दगडात शके १०९८ कोरलेलं आहे. तो उंबऱ्याशी थांबतो, रिकामा कासरा खांद्यावर टाकतो, आणि अवारू हात जोडतो.